कार्निव्हलचा शनिवार, शिवरात्रीचा रविवार

प्रश्न: मी म्हापशाला राहते. 13 फेब्रुवारी 2026 रोजी, शुक्रवारी सकाळी, माझी नाशिकची मैत्रीण आमच्याकडे येत असून ती सोमवारी सकाळी परत जाणार आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत जाऊन वाइन चाखण्याची तिला आवड आहे आणि गोव्यात कार्निव्हल, गोवन जेवण व वाइन असा तिहेरी बेत तिने ठरवला आहे. अडचणी दोन आहेत. रविवारी महाशिवरात्र असल्यामुळे आमच्या घरी सर्वांचा उपवास असतो, आणि सासूबाईंना घरात बाटली आलेली चालत नाही. आम्ही दोघी मासे व कोंबडी खातो, इतर मांस खात नाही. गोव्याच्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी आणि हे तीन दिवस कसे आखावेत? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: ज्यांना आपण अडचणी म्हणता, त्यांनीच आपला बेत निम्मा सोपा केला आहे. कार्निव्हलच्या दिवसांत गोव्यात येणारे पाहुणे सकाळपासून रात्रीपर्यंत हाती ग्लास ठेवू पाहतात आणि शेवटी त्यांना ना वाइनची चव कळते ना मिरवणुकीतले काही आठवते. वाइन ही बसून, जेवणासोबत, सावकाश घेण्याची गोष्ट आहे, तर उत्सव उभे राहून, शुद्धीत पाहण्याची. या दोहोंना वेगवेगळी वेळ द्यावी, एवढाच माझा आग्रह आहे. घरात बाटली येणार नाही म्हणजे वाइन केवळ उपाहारगृहातील जेवणाबरोबर घेतली जाईल, आणि रविवारी उपवास असल्यामुळे ती शुक्रवार व शनिवार या दोन रात्रींपुरतीच राहील. तेवढी पुरे आहे. सासूबाईंची समजूत घालण्याच्या भानगडीत पडू नये. ज्या घरात पाहुणी उतरली आहे त्या घराची रीत तिनेही पाळावी, यात अवघडण्यासारखे काही नाही.

शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे मैत्रिणीला गोव्याचे जेवण समजावून देण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सकाळी लवकर बाजारात जावे, उन्हे चढल्यावर तिथे उभे राहवत नाही. काणकोणातील खोला गावची लाल मिरची, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आमसुले, तिरफळे, माडाचा काळा गूळ आणि जुन्या बाटल्यांतून विकला जाणारा माडाच्या सुरेचा व्हिनेगर या वस्तू तिला हातात घेऊन दाखवाव्यात. व्हिनेगरच्या बाटलीचे बूच काढून वास घ्यायला सांगावे. आधी नाकाला झिणझिणी येते आणि मग मागून ताडीचा किंचित गोडसर वास येतो. रात्री ताटात जे येणार आहे त्याचा आंबटपणा कुठून आला, हे तिला तिथेच कळेल, आणि वाइनची निवड नेमकी या आंबटपणावरच अवलंबून आहे.

कारण असे की, वाइनपेक्षा पदार्थ अधिक आंबट असला तर वाइन मिळमिळीत लागते. गोव्याच्या स्वयंपाकात कोकम, चिंच, कैरी, बिंबल किंवा व्हिनेगर यांपैकी काहीतरी असतेच, त्यामुळे मुळातच आंबटसर असलेली वाइन निवडावी लागते. दुसरी बाब तिखटाची. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते आणि रेड वाइनमधील तुरटपणा तिखट जिभेला खरखरीत लागतो. उलट वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक असेल तर ती ही आग शमवते. म्हणून साडेचौदा टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरलेली भारी रेड वाइन कितीही महाग असली तरी आंबट-तिखटाबरोबर ती वायाच जाते. नाशिक परिसरात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या शेनिन ब्लाँ द्राक्षाची किंचित गोडसर पांढरी वाइन, सॉव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी पांढरी वाइन, गुलाबी रंगाची रोझे किंवा कोरडी, म्हणजे गोड नसलेली, फेसाळ वाइन हे येथे उपयोगी पडणारे प्रकार होत. आपली मैत्रीण हसेल, की गोव्यात येऊन नाशिकचीच वाइन प्यायची काय! परंतु गोव्यात वाइनच्या द्राक्षांचे मळे नाहीत; येथील हवा आणि पाऊस त्या पिकाला मानवणारे नाहीत. तिच्या गावाहून आलेली बाटली आपल्या गावच्या ताटासमोर ठेवणे, हा या भेटीतला सर्वांत सयुक्तिक प्रकार आहे असे मला वाटते.

शुक्रवारी रात्री पणजीत, मळा किंवा फोंतेन्याश भागातील एखाद्या कौलारू घरातल्या उपाहारगृहात बसावे आणि मागणी क्रमाने करावी. आरंभी सुक्या तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कालवे आणि त्यांच्यासोबत फेसाळ वाइन. मग चिकन काफ्रेआल. पोर्तुगीजांच्या आफ्रिकी वसाहतींमधून आलेला हा पदार्थ आता पुरता गोवेकर झाला आहे. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आले, लसूण आणि मसाले यांच्या हिरव्या वाटणात मुरवलेली कोंबडी, वर लिंबाची फोड. याच्यासाठी सॉव्हिन्याँ ब्लाँ घ्यावी, कारण तिच्यातच एक हिरवट, पालेदार वास असतो. मैत्रिणीला एक प्रयोग करायला सांगावे. ग्लास भरल्यावर तिने आधी नुसता एक घोट घ्यावा, मग काफ्रेआलचा तुकडा लिंबू पिळून खावा आणि लगेच दुसरा घोट घ्यावा. पहिल्या घोटात जी वाइन दात आंबवणारी वाटली, ती दुसऱ्या घोटात गोल आणि फळाळ लागते. मळ्यातील चाखणीच्या टेबलावर वाइनची पारख नुसत्या वाइनवर होते. इथे ती ताटासह होते, आणि दोन्ही ठिकाणी पहिला क्रमांक एकाच बाटलीला मिळेल असे नाही.

रेशाद मसाला भरलेला बांगडा मागवायचा झाल्यास रोझे बरी. शाकुतीमध्ये भाजलेले खोबरे, खसखस आणि गरम मसाला असतो, आंबटपणा फारसा नसतो, त्यामुळे तिच्याबरोबर हलकी रेड वाइन चालते. मात्र ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून आणायला सांगावी. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम युरोपातल्या थंड घरांचा आहे, तिथे ते तापमान साधारण 16 ते 18 अंश असते. गोव्यात फेब्रुवारीच्या रात्रीही खोली त्याहून बरीच उबदार असते आणि तेवढ्या तापमानाला रेड वाइनमधून फक्त अल्कोहोलचा वास वर येतो. पांढरी वाइन 8 ते 10 अंशांवर असावी. शेवटी बेबिंकाची एक वडी दोघींत पुरे. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे थर एकामागून एक भाजून ती केलेली असते. तिच्यासमोर कोरडी वाइन कडवट लागते, गोड वाइनच हवी.

येथे पोर्टविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण वाढपी हमखास ती सुचवील. खरी पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेकडील डोरो खोऱ्यात होते. या प्रदेशाची सीमा 1756 मध्येच आखून देण्यात आली होती. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचे मद्यार्क ओततात, त्यामुळे यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांपर्यंत जाते. गोव्याच्या दुकानांत पोर्ट या नावाने मिळणारी स्वस्त बाटली ही बहुतांशी एक गोड रेड वाइन असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. नाताळाच्या केकमध्ये आणि लग्नाच्या टेबलावर तिची जागा ठरलेली आहे, आणि बेबिंकासोबत थंड करून घेतली तर ती वाईट लागत नाही. डोरोची म्हणून मात्र तिची पारख करू नये.

शनिवारी दुपारचे जेवण घरीच घ्यावे. हुमण (नारळाच्या वाटणातली माशाची आमटी), भात, तळलेली मासळी आणि सोलकढी यांच्यापुढे वाइनची आठवणही होणार नाही, आणि सासूबाईंच्या हातचे हुमण हॉटेलात कुठून मिळणार? नंतर पणजी गाठावी. स्वतःची गाडी नेऊ नये. म्हापसा ते पणजी कदंबची बस सोयीची आहे; परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवावे आणि उशीर होणारच असेल तर टॅक्सी आधी ठरवावी. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि ही मर्यादा ओलांडायला फार वाइन लागत नाही.

चित्ररथांच्या मिरवणुकीचा मार्ग त्या त्या वर्षी जाहीर होतो. तो पाहून, मिरवणूक सुरू होते त्या टोकाजवळ सावलीची जागा धरावी. शेवटच्या टोकाला चित्ररथ पोहोचेपर्यंत काळोख पडतो आणि नाचणारी मुले दमून गेलेली असतात. सर्वांत पुढे कार्निव्हलचा राजा किंग मोमो येतो आणि खा, प्या, मजा करा असे फर्मान सोडतो. त्याच्या फर्मानाची मुदत मंगळवारपर्यंत असते, कारण बुधवारपासून ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. पणजीनंतर मिरवणूक परंपरेने रविवारी मडगाव, सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा असा प्रवास करते, म्हणजे आपल्या गावची मिरवणूक पाहुणी गेल्यावर निघेल. खरे सांगायचे तर जाहिरातींनी मढवलेल्या चित्ररथांपेक्षा गावोगावचा जुना कार्निव्हल, म्हणजे इंत्रूज, मला अधिक जवळचा वाटतो. सासष्टीतील गावांमध्ये अंगणात होणारे खेळ, चांदरचा मुसळ खेळ हे त्याचे अस्सल रूप; परंतु या वेळच्या तीन दिवसांत ते बसणार नाही, आणि ओढाताण करून बसवूही नये. मिरवणूक संपल्यावर रात्री उशिरा हलके जेवण आणि दोघींत अर्धी बाटली, म्हणजे प्रत्येकी सव्वा ग्लास, एवढ्यावर थांबावे. दुसऱ्या दिवशी उपवास आहे, आणि आदल्या रात्री जास्त झालेल्या माणसाला रिकामे पोट फार छळते.

रविवारी मैत्रिणीला घरी एकटी ठेवून आपण देवळात जाऊ नये. तिलाही सोबत न्यावे. साखळीजवळच्या हरवळ्याला रुद्रेश्वराच्या देवळात महाशिवरात्रीचा मोठा उत्सव असतो. शेजारीच खडकात कोरलेल्या प्राचीन गुंफा आणि धबधबा आहे, जरी फेब्रुवारीत धबधब्याची धार बारीक झालेली असते. कदंबकाळातील तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ अधिक देखणे आहे खरे, पण म्हापशाहून ते लांब पडते आणि त्या दिवशी तिथल्या अरुंद रस्त्यावर वाहनांची रांग लागते. परतताना शहाळे प्यावे, घरी रताळी, वऱ्याचे तांदूळ, केळी. गोव्यात एका संध्याकाळी मोमो आणि दुसऱ्या सकाळी रुद्रेश्वर पाहणारी माणसे शेजारी शेजारी राहतात, हे तिला नाशिकला बसून कळले नसते.

सोमवारी अनेक घरांत मासळी नसते, त्यामुळे जाताना डब्यात खतखते (मिश्र भाज्यांचा गोव्याचा पदार्थ) द्यावे.

प्रश्न: मित्र आला म्हणून मुद्दाम चांगली रेड वाइन आणली आणि बांगड्याच्या हुमणाबरोबर घेतली. दोघांच्याही तोंडाला लोखंडासारखी, उग्र मासळीची चव आली. बांगडा ताजा होता. दोष वाइनचा की माशाचा? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: दोघांच्या गाठीचा. जपानमधील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक वाइन सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर चाखून पाहिल्या, तेव्हा ज्या वाइनमध्ये लोहाचे प्रमाण अधिक, तिच्यानंतर मासळीची उग्र चव अधिक, असे दिसून आले. माशातील तेलकट मेदाम्लांशी लोहाची क्रिया होऊन तोंडातच तो वास तयार होतो. रेड वाइनमध्ये लोह साधारणपणे जास्त आढळते, पण ते जमीन, यंत्रसामग्री आणि बनवण्याची रीत यांवरही अवलंबून असते, त्यामुळे एखादी रेड वाइन माशाबरोबर निभावून जाते आणि एखादी मुळीच नाही. बाटलीवर लोहाचे प्रमाण छापलेले नसते, म्हणून आधी ओळखण्याचा उपाय नाही.

त्यातून आपण बांगडा निवडला, जो तेलकट मासा, आणि हुमणात तिरफळ असणार. तिरफळाने ओठ व जीभ काही क्षण बधिर होतात. त्या जिभेला वाइनमधील फळांचा गंध लागत नाही, फक्त तुरटपणा आणि आंबटपणा तेवढा जाणवतो. माझ्या मते तिरफळ घातलेल्या कोणत्याही हुमणासोबत वाइन घेऊच नये, पांढरीही नाही. मित्रासाठी वाइन काढायचीच असेल तर त्या दिवशी इसवणाचे (सुरमईचे) तुकडे रव्यात घोळून तळावेत, लिंबू द्यावे आणि थंडगार सॉव्हिन्याँ ब्लाँ द्यावी. हुमण त्यानंतर, भातासोबत, ग्लास बाजूला सारून.

प्रश्न: पुण्याचा मित्र एप्रिलअखेरीस दोन दिवस येणार आहे. त्याला वाइनऐवजी येथील काही चाखायचे आहे आणि जमल्यास शिरगावची जत्राही पाहायची आहे. परत जाताना त्याला फेणीच्या दोन बाटल्या देण्याचा विचार आहे. (एक वाचक, डिचोली)

उत्तर: एप्रिल म्हणजे हुर्राकाचे दिवस, मित्राने वेळ चांगली साधली आहे. काजूची पिकून गळलेली बोंडे गोळा करून, बिया काढून, ती कुंडात पायाने तुडवतात. रस आंबला की भट्टीवर चढवतात. पहिल्या वाफेतून मिळतो तो हुर्राक, आणि हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की फेणी. हुर्राकात अल्कोहोल साधारण 15 टक्के असते, तो टिकत नाही आणि पावसाळ्यापूर्वीच संपतो. फेणी 42-43 टक्क्यांची असते, वर्षानुवर्षे टिकते आणि काजूच्या फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा घालून दुपारच्या जेवणाआधी हुर्राक घ्यावा. वाइन पिणाऱ्यांची एक समजूत मात्र आधीच दूर करावी: 45 मिलिलिटर फेणीत जेवढे अल्कोहोल असते, जवळजवळ तेवढेच 150 मिलिलिटर वाइनमध्ये असते. वाइनचा ग्लास भरतो त्या अंदाजाने फेणी ओतली तर मित्राची संध्याकाळ दुपारीच संपेल. सत्तरी किंवा डिचोली तालुक्यात ओळखीच्या कुणाची भट्टी असेल तर सकाळी ती पाहायला न्यावे. बोंडांचा उग्र गोड वास आणि तांब्याच्या भांड्याखालची धग एकदा अनुभवली की चवीकडे पाहण्याची नजर बदलते.

जत्रेचे म्हणाल तर ती शिरगावच्या लईराई देवीची; तिचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भाविक, कित्येक दिवस व्रतस्थ राहून, सोवळे पाळून मगच अग्निदिव्य करतात. तिथे तोंडाला दारूचा वास येणाऱ्या माणसाने जाणे शोभत नाही. ज्या दिवशी जत्रा, त्या दिवशी हुर्राक नाही, हे मित्राला आधीच स्पष्ट सांगावे. शिवाय 2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले होते. होमकुंडाजवळच्या गर्दीत शिरण्याचा हट्ट धरू नये. संध्याकाळीच जाऊन, देवीचे दर्शन घेऊन, मोकळ्या जागेतून परत यावे.

बाटल्या देऊ नयेत. महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क न भरलेले गोव्याचे मद्य सीमेपलीकडे नेणे हा तिथे गुन्हा ठरतो, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर वाहने तपासली जातात आणि आपल्या भेटीपायी मित्रावर खटला ओढवेल. त्याऐवजी काजूगर, आमसुले आणि माडाचा व्हिनेगर बांधून द्यावा.

प्रश्न: दोघांत एक बाटली संपत नाही. उघडलेली वाइन किती दिवस चालते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: पांढरी, रोझे आणि रेड यांपैकी कोणतीही असो, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवल्यास तीन दिवसांपर्यंत पिण्याजोगी राहते. फेसाळ वाइनला खास दाबाचे बूच नसेल तर ती दुसऱ्या दिवशी निपचित पडते. उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवेचा संपर्क कमी होऊन ती अधिक टिकते. आंबट झालीच तर ओतून न देता कोंबडीच्या मुरवणीत व्हिनेगरच्या जागी वापरावी. काफ्रेआलला ती चांगली लागते.